‘आपण लाहोरपर्यंत गेलो असतो’ : एका चर्चामंडळाच्या दोन बैठका

पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या एका जुन्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चामंडळ भरतं. गेली अकरा वर्षं मी त्याचा संयोजक आहे. तीस-पस्तीस माणसं येतात. बहुतेक निवृत्त, काही चाळिशीतले नोकरदार, अधूनमधून कॉलेजातली मुलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून मे महिन्याच्या संध्याकाळी कुठेतरी खुर्ची धरून बसायची पुणेकरांना सवय आहे. आमचं मंडळ त्या सवयीवरच चालतं. एक वक्ता अर्धा तास बोलतो, मग चहा, मग तासभर चर्चा.

वर्षाचे विषय जानेवारीत ठरतात. २०२५ च्या मे महिन्यासाठी ठरला होता ‘अमेरिकन जनता युद्धखोर आहे का?’ इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तो सुचवला आणि बोलायचंही त्यांनीच कबूल केलं. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. दूरचा देश, भरपूर मसाला, आणि कोणी दुखावलं जायचं कारण नाही, असा आमचा हिशोब होता.

मग २२ एप्रिलला पहलगाम झालं. २६ माणसं मारली गेली, त्यांत पुण्याचे दोघे होते. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला आणि पुणे जिल्ह्यातही भोंगे वाजले. आमची बैठक १० मेला होती.

मी हे प्रकरण लिहून काढतो आहे कारण त्या बैठकीत माझ्या हातून चुका झाल्या आणि त्यातल्या काही अशा आहेत की कोणत्याही मंडळात, सोसायटीत किंवा वर्गात त्या सहज होतील. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिला निर्णय: बैठक घ्यायची की पुढे ढकलायची

८ मेला मी तिघा जुन्या सदस्यांना फोन केला. दोघं म्हणाले, घ्या, उलट आत्ताच लोक येतील. तिसऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, म्हणाल्या, ‘‘अहो, घरात आजारी माणूस असताना शेजारच्याच्या पथ्यपाण्यावर चर्चा कशाला?’’ मला ते वाक्य आवडलं, वहीत लिहूनही ठेवलं, आणि तरी बैठक घेतली. विषय अमेरिकेचा आहे, आपला नाही, असं मी स्वतःला समजावलं.

पहिली बैठक

त्या दिवशी बावन्न माणसं आली. आतल्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या.

प्राध्यापकांनी चांगलं मांडलं. अमेरिकेच्या स्थापनेपासूनची युद्धं त्यांनी क्रमानं सांगितली: मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाया, १८४६ चं मेक्सिको युद्ध, १८९८ चं स्पेनशी युद्ध, दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. शेवटी म्हणाले, ‘‘इतकी युद्धं सरकारं एकटी करत नाहीत. त्या मातीतच काहीतरी आहे.’’

पहिल्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. न्यू जर्सीत चौदा वर्षं काढून नुकतेच परतलेले. त्यांचा हात वर होता, पण मी आधी चहा घेऊ म्हटलं.

आणि नेमका तेव्हाच, साडेपाचच्या सुमारास, खोलीतले फोन वाजू लागले. युद्धविरामाची बातमी आधी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घोषणेतून आली. आपल्या परराष्ट्र सचिवांचं निवेदन त्यानंतर झालं. एका क्षणात अमेरिका मागे पडली. प्रत्येक जण शेजाऱ्याला फोन दाखवत होता. बँकेतून निवृत्त झालेले एक काका उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘आणखी चारच दिवस मिळायला हवे होते. आपण लाहोरपर्यंत गेलो असतो!’’

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी वाजवल्या.

न्यू जर्सीचे गृहस्थ वळून म्हणाले, ‘‘काका, गेलो असतो म्हणजे कोण? तुम्ही आणि मी?’’ काका तापले. ‘‘तुम्ही चौदा वर्षं तिकडं राहिलात, तुम्हाला काय कळणार?’’ मग ‘‘तुम्हीच आत्ता अमेरिकनांना युद्धखोर म्हणत होता’’, मग ‘‘आम्ही अंगावर आलेल्याला शिंगावर घेतोय, ते दुसऱ्याच्या घरात घुसतात’’, मग आवाज. एका तरुणानं ‘भ्याड’ हा शब्द वापरला. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक निवृत्त सुभेदार बसले होते. ते नेहमी येतात, क्वचित बोलतात. ते उठले, चप्पल घातली आणि निघून गेले.

मी हे थांबवू शकलो असतो. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मनात म्हणालो, आता चर्चेत जीव आला. संयोजकाला भरलेल्या खोलीचा मोह असतो, तो मला त्या दिवशी आवरला नाही.

खोलीत आणखी एक व्यक्ती होती. वाचनालयात पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या ताई, आमच्या बैठकीच्या दिवशी चहाही त्याच करतात. साताऱ्याकडच्या, वय पन्नाशीच्या आत. काका बोलत होते तेव्हा त्या स्टीलचा ट्रे घेऊन तिसऱ्या रांगेपाशी उभ्या होत्या. टाळ्या सुरू झाल्यावर त्यांनी तो ट्रे, वीसेक भरलेल्या कपांसकट, मासिकांच्या मांडणीवर ठेवला आणि त्या आत गेल्या. बैठक संपल्यावर मी पाहिलं तेव्हा कपांवर साय धरली होती. कोणी उचलले नव्हते. मला वाटलं, गडबडीत राहिलं.

सोमवारी ताई माझ्याकडे आल्या. ‘‘सर, पुढच्या महिन्यात बैठकीच्या दिवशी मला रजा हवी.’’ मी कारण विचारलं. बराच वेळ त्या रजिस्टरचा कोपरा दुमडत-उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझा मुलगा जम्मूकडे आहे. सात तारखेपासून फोन लागत नव्हता. ते काका आणखी चार दिवस म्हणत होते, आणि मला गेले चार दिवस घास गिळला नव्हता.’’

त्या सहा वर्षं वाचनालयात आहेत. त्यांचा मुलगा सैन्यात आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता अडचण मंडळ फुटण्याची होती. व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस भांडण चाललं, चार जण गटातून बाहेर पडले, न्यू जर्सीच्या गृहस्थांनी मला लांबलचक निरोप पाठवला. ते तिथे असताना त्यांच्या शेजाऱ्यांचा मुलगा अफगाणिस्तानातून पाय गमावून परत आला होता. त्याच्या आईला दारातल्या पायऱ्या फोडून उतरण करून घेताना त्यांनी पाहिलं होतं. ‘त्या बाईला तुम्ही रक्तपिपासू म्हणताय’, असं त्यांनी लिहिलं होतं.

ताईंशी बोलल्यावर मला अडचण दुसरीकडे दिसू लागली. आमचा प्रश्नच तिरपा होता. ‘अमेरिकन जनता युद्धखोर आहे का’ असं विचारलं की ज्याच्या घरातला पोरगा गेला तो, ज्यानं मत दिलं तो, ज्यानं टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या तो आणि ज्यानं मोर्चा काढला तो, सगळे एका नावाखाली जमा होतात. आणि नेमकी हीच जमाबंदी काकांच्या ‘आपण’नं केली होती. मराठीत आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो धरलेला असतो. काकांनी त्या वाक्यात ट्रे धरून उभ्या असलेल्या ताईंनाही धरलं होतं, त्यांच्या मुलालाही धरलं होतं, आणि त्यांच्या वतीनं लाहोरपर्यंत जायचं कबूल करून टाकलं होतं.

काका वाईट माणूस नाहीत. पहलगामनंतर त्यांना झोप लागत नव्हती हे त्यांनी नंतर सांगितलं, आणि तो संताप खरा होता, माझ्याही मनात होता. मला तो चुकीचा वाटत नाही. प्रश्न हा की तो संताप कोणाच्या खांद्यावर ठेवला जातो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: विषय बंद करायचा. जूनमध्ये संत साहित्य घ्यायचं, पालखीचे दिवस आहेतच. कार्यकारिणीतले दोघं याच मताचे होते. पण मग ताईंची रजा हीच या प्रकरणाची अखेर ठरली असती.

दुसरा: एखाद्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला बोलवायचं. पुण्यात ते अवघड नाही. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याला एनडीए, खडकीला दारूगोळा कारखाना आणि सॅपर्स, म्हणजे लष्कराचे अभियंते. मला भीती होती ती वेगळीच: अधिकारी बोलले की लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन तेच बोलतात.

तिसरा पर्याय न्यू जर्सीच्या गृहस्थांनी सुचवला, रीतसर वादविवाद आणि शेवटी मतदान. मी त्यावर बराच विचार केला, आणि ऑक्सफर्डची गोष्ट आठवून तो सोडला. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्ड युनियनमध्ये ‘हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही’ असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला. देशभर गदारोळ उठला, तरुण पिढी नेभळट झाली असं म्हटलं गेलं. सहा वर्षांनी युद्ध आलं आणि त्याच पिढीतली मुलं लढायला गेली, मेलीही. त्या मतदानातून ना ती मुलं शांततावादी होती हे कळलं, ना ती युद्धखोर होती हे. हात वर करून माणसाचा स्वभाव कळत नाही, त्या संध्याकाळचा सूर कळतो. आमच्या खोलीचा सूर तर टाळ्यांतून कळलाच होता.

चौथा पर्याय: प्रश्न मोडून पुन्हा बांधायचा. शेवटी तोच धरला.

काय केलं

आधी माणसांकडे गेलो. काकांकडे गेलो तेव्हा त्यांना ताईंबद्दल सांगायचं की नाही, हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड निर्णय होता. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘सांगू नका. त्यांना लाज वाटेल, मग ते माझ्याशी नीट बोलणार नाहीत.’’ म्हणून नाही सांगितलं. काकांना एवढंच म्हणालो की पुढच्या बैठकीत जो ‘आपण’ म्हणेल त्यानं त्या ‘आपण’मध्ये कोण कोण येतं ते सांगायचं, असा नियम करतोय. ते म्हणाले, ‘‘मास्तरकी करताय.’’ पण येतो म्हणाले.

सुभेदारसाहेबांचं घर वारज्यात. तिथे दोन तास बसलो. ते कारगिलमध्ये होते. निघून का गेलात असं विचारल्यावर त्यांनी माझ्या अंदाजाच्या उलट उत्तर दिलं. काकांचा त्यांना राग आलाच नव्हता. ‘‘लोकांचा जोर आम्हाला लागतो, खोटं कशाला बोलू? नव्याण्णव साली आमची गाडी स्टेशनावर थांबली की बाया डबे घेऊन यायच्या. पुऱ्या, लाडू. वर गेल्यावर ते आठवायचं. मी उठलो ते त्या पोरानं भ्याड म्हटलं म्हणून. ज्यांनी गोळी पाहिली नाही त्यांनी दोघांनी एकमेकाला भ्याड म्हणायचं, ते ऐकवत नाही.’’ मग त्यांनी खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्राचं सांगितलं. पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांसाठी ते १९७४ पासून चालतं. सुभेदारसाहेब तिथे एका जुन्या सोबत्याला भेटायला जातात. ‘‘लाडू जाताना देतात. परत आल्यावर पण कोणी यावं, एवढंच.’’

बैठकीची मांडणी मग अशी ठरवली: व्याख्यान नाही. फळ्यावर चार रकाने. युद्ध कोणी ठरवलं, कोण गेलं, पैसा कोणी दिला, आणि लोकांचं मत आधी काय होतं, नंतर काय झालं. प्रत्येकानं एक उदाहरण तयार करून आणायचं, देश कोणताही चालेल. आणि चहा सदस्यांनी करायचा.

दुसरी बैठक

१४ जूनला सव्वीस माणसं आली. अहमदाबादच्या विमान अपघाताला दोनच दिवस झाले होते, आदल्या दिवशी इस्रायलनं इराणवर हल्ला केला होता. खोली शांत होती. प्राध्यापक आले नाहीत.

न्यू जर्सीच्या गृहस्थांनी अमेरिकेची तीन उदाहरणं आणली होती आणि ती इतकी बोलकी होती की जवळजवळ अर्धा तास त्यांच्यावरच गेला. १९१६ मध्ये वुड्रो विल्सन ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या घोषणेवर पुन्हा निवडून आले. म्हणजे त्या वर्षी तिथल्या मतदाराला युद्ध नकोच होतं. एप्रिल १९१७ मध्ये, पाच महिन्यांत, अमेरिका महायुद्धात उतरली, सरकारनं प्रचारासाठी स्वतंत्र समिती नेमली, आणि तेच लोक युद्धाचे रोखे घ्यायला रांगा लावू लागले.

दुसरं, ऑगस्ट १९६४. टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर दोन हल्ले झाल्याचं सांगितलं गेलं, त्यानंतर व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मोकळीक अध्यक्षांना देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. ठराव ज्या दुसऱ्या हल्ल्यावर उभा होता तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक त्या युद्धात गेले, व्हिएतनामी माणसं त्याच्या कित्येक पट. सक्तीची भरती होती, चिठ्ठी कोणाच्याही दारात येऊ शकत होती, आणि तीन-चार वर्षांत तिथले रस्ते विरोधानं भरले. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली.

तिसरं इराक. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा दहातल्या सात अमेरिकनांचा पाठिंबा होता. काही वर्षांत बहुसंख्य लोक ती चूक होती म्हणू लागले. पण या वेळी सैन्य स्वेच्छेचं होतं आणि पैसा कर्जाचा. २००१ आणि २००३ मध्ये तर कर कमी केले गेले. ‘‘माझ्या ऑफिसात दोनशे माणसं होती,’’ ते म्हणाले. ‘‘युद्ध चालू आहे हे कॅलेंडर बघून आठवावं लागायचं. रक्ताची तहान मला तिथे दिसली नाही. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.’’

कॉलेजातल्या एका मुलीनं लगेच विचारलं, ‘‘मग आपल्यापर्यंत किती पोचतं?’’ आणि नियमाप्रमाणे स्वतःच सांगितलं, ‘‘आपण म्हणजे ही खोली.’’

फळ्यावरच हिशोब केला. अमेरिकेचं खडं सैन्य साधारण १३ लाख, लोकसंख्या ३४ कोटींच्या आसपास, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे माणसांमागे एक. भारताचं साधारण १४ लाख, लोकसंख्या १४० कोटींवर, म्हणजे हजारामागे एक. आणि तोही सगळीकडे सारखा विखुरलेला नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात, तिथे घराघरांतून सैनिक गेले आहेत. आमच्या खोलीतल्या सव्वीस जणांना विचारलं, सख्ख्या नात्यात सध्या सैन्यात कोण आहे? एकही हात वर आला नाही. ताई त्या दिवशी रजेवर होत्या. मी काही बोललो नाही.

यानंतर शाळेतून निवृत्त झालेल्या त्या बाई उठल्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं, डिसेंबर १९७१ चं, त्यांच्या वडिलांनी नाशिकहून पाठवलेलं. नेहमीच्या तिकिटाशेजारी त्यावर आणखी एक पाच पैशांचं तिकीट होतं, कुटुंबनियोजनाचं, आणि त्यावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा शिक्का छापलेला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठीचा तो अधिभार. ‘‘मी अठरा वर्षांची होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते ते आठवतं. आणि हे आठवतं. पत्र टाकायचं तर पाच पैसे जास्त. आई दर वेळी म्हणायची, त्या बायकांसाठी आहे.’’ पाकीट हातोहात फिरलं. काकांनी ते चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि खूप वेळ शेजाऱ्याला दिलं नाही. ते म्हणाले, त्यांनीही ही तिकिटं चिकटवली होती, साफ विसरले होते.

मग गाडी आपल्याकडे, मराठी माणसाकडे आली, ती येणारच होती. एक जण म्हणाला, मराठे जात्याच लढवय्ये. या ‘जात्याच’वर मला थांबावंसं वाटलं. पेशवाईत फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाच्या आत परतायचं बघत, कारण त्यातल्या बहुतेकांची घरी शेती होती. स्वारीवर जाणं हे अंगातल्या खुमखुमीपेक्षा पोटाचं आणि चौथाईचं गणित होतं. ‘लढवय्या जमाती’ हे लेबल तर इंग्रजांनी १८५७ नंतर सैन्यभरतीसाठी पक्कं केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी महारांची भरती बंद केली, ज्यांनी त्यांच्याच सैन्यात पिढ्यानपिढ्या चाकरी केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पुन्हा उघडली, मग पुन्हा बंद केली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. माणसं तीच होती. कागदावर कधी लढवय्यी, कधी नाही. स्वीडनचं उदाहरण एका सदस्यानं आणलं होतं: सतराव्या शतकात निम्म्या युरोपला धडकी भरवणारा देश, आणि १८१४ नंतर एकही युद्ध नाही.

सुभेदारसाहेब शेवटी बोलले, बसूनच. ‘‘कारगिलला ताबारेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. देशभर लोक म्हणत होते, ओलांडा. आमच्यातलेही म्हणत होते. सरकारनं नाही ऐकलं. ५२७ गेले. ओलांडली असती तर किती, मला माहीत नाही. २००१ ला संसदेवर हल्ला झाला, सीमेवर सैन्य दहा महिने उभं होतं, युद्ध नाही झालं. लोक तेव्हाही चिडलेलेच होते. म्हणजे लोक काय म्हणतात त्यावर सगळं चालतं असं नाही. पण लोक काय म्हणतात ते खंदकात ऐकू येतं.’’

बाईंनी पानिपतचा तो निरोप आठवला, शाळेत सगळ्यांनी शिकलेला: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. ‘‘तीस वर्षं मी मुलांना हे शिकवलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि खुर्दा म्हणजे कोण, हे एकदाही विचारलं नाही.’’

निष्पत्ती

मूळ प्रश्नाचं उत्तर सर्वानुमते मिळालं नाही. माझं मत मी इथे स्पष्ट लिहितो. अमेरिकन माणूस स्वभावानं युद्धखोर आहे असं मला वाटत नाही. तिथली व्यवस्था अशी झाली आहे की युद्धात उतरणं फार सोपं आहे. युद्ध पुकारायचा अधिकार त्यांच्या राज्यघटनेनं काँग्रेसला दिला, पण काँग्रेसनं रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं १९४२ मध्ये. त्यानंतर सगळं ठरावांवर आणि अध्यक्षांच्या हुकमांवर चाललं आहे. लढणारे थोडे, पैसा उसना, रणांगण समुद्रापलीकडे. अशा ठिकाणी साधाभोळा, शेजारधर्म पाळणारा माणूसही सहज ‘हो’ म्हणतो. आपलं रणांगण समुद्रापलीकडे नाही, हा मोठा फरक आहे, आणि पहलगामसारखा घाव अंगावर झेललेल्या देशाला दुसऱ्याच्या मापानं मोजू नये हेही मला पटतं. पण आपल्याकडे युद्धाआधी संसदेत मतदान घ्यावं अशी अट घटनेत नाही, आणि हजार माणसांमागे एकच जण सैन्यात असतो. कोथरूडमधून ‘आणखी चार दिवस’ म्हणणं त्यामुळे न्यू जर्सीहून म्हणण्यापेक्षा फार अवघड नाही.

काकांनी बैठकीनंतर खुर्च्या आवरताना मला सांगितलं, ‘‘मत तेच आहे माझं. धडा शिकवायलाच हवा होता. शब्द चुकला तेवढा.’’ मला हे पुरेसं वाटलं. गटातून बाहेर पडलेल्या चौघांपैकी दोघं परत आले. ज्या तरुणानं ‘भ्याड’ म्हटलं होतं तो आला नाही, त्याचा फोनही लागला नाही. प्राध्यापक दुरावले ते दुरावलेच. त्यांचं म्हणणं असं की त्यांनी अर्धा तास अभ्यासपूर्ण मांडणी केली आणि आम्ही तिला गुन्हा ठरवलं. त्यात तथ्य आहे. जुलैत सात जण सुभेदारसाहेबांबरोबर खडकीला जाऊन आले. पुन्हा जायचं ठरलं आहे, तारीख ठरायची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

१० मेची बैठक पुढे ढकलायला हवी होती. बाईंचं वाक्य मी लिहून ठेवलं आणि पाळलं नाही, हे मला आजही टोचतं.

बातमी आली त्या क्षणी पाच मिनिटं थांबायला हवं होतं. दिवे लावायचे, पाणी द्यायचं, कोणाचं कोणी तिकडे आहे का एवढं विचारायचं. तो प्रश्न विचारला असता तर ताई कदाचित काहीच बोलल्या नसत्या, पण काका ते वाक्य बोलायच्या आधी थांबले असते असं मला वाटतं.

प्राध्यापकांशी विषयाच्या मांडणीबद्दल जानेवारीतच बोलायला हवं होतं. ‘अमुक लोक असे आहेत का’ या धाटणीचा कोणताही विषय मी आता यादीत घेत नाही. घ्यायचाच झाला तर वक्त्याला विनंती करतो की आधी त्याच मापानं आपल्याला मोजून दाखवा.

दुसऱ्या बैठकीतही एक चूक राहिली. हात वर करायला सांगितलं तेव्हा खोलीत शून्य हात होते, आणि तो शून्य खोटा आहे हे मला एकट्याला माहीत होतं. मी गप्प राहिलो ते ताईंना दिलेल्या शब्दासाठी. पण मुळात तो प्रश्न विचारायलाच नको होता. एका गैरहजर बाईच्या जिवावर मी खोलीला धडा देत होतो, आणि ते काकांच्या ‘आपण’पेक्षा फार वेगळं नव्हतं. हे मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘असू दे सर.’’

चहा आता पाळीनं सदस्य करतात. १२ जुलैला माझी पाळी होती आणि साखर कमी पडली. त्या दिवशी ताई दुसऱ्या रांगेत येऊन वीसेक मिनिटं बसल्या, विषय पुण्याच्या पाण्याचा होता. मग दाराशी एक मुलगा पुस्तक बदलायला आला, आणि त्या उठून टेबलाकडे गेल्या.